कांद्याच्या पेशीत हरितलवकं शोधू नका

शाळेच्या प्रयोगवहीत कांद्याची पेशी काढली की तिच्यात हमखास हिरवी हरितलवकं रंगवलेली असतात. ती सूक्ष्मदर्शकातून नव्हे, पुस्तकातल्या आकृतीतून आलेली असतात. कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. प्रकाशसंश्लेषण पातीत होतं, खालची मांसल पानं फक्त साठवण करतात. हरितलवकं बघायचीच असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान घ्या. मधली शीर सोडली तर ते दोनच पेशी जाड असतं, काप घ्यावा लागत नाही. पान थोडा वेळ उजेडात ठेवलेलं असेल तर वाहत्या पेशीद्रव्याबरोबर हरितलवकं कडेकडेने सरकतानाही दिसतात.

कांद्याचा पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूने चिमट्याने ओढा. 5 मिमीचा तुकडा पुरतो. तो लगेच पाण्यात टाका, कोरडा पडला की गुंडाळतो. काचपट्टीवर सपाट पसरून आयोडीनचा एक थेंब द्या आणि दोन-तीन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) एका कडेवर टेकवून सुईने हळूहळू खाली आणा, नाहीतर हवा अडकते. जाड काळ्या कडेचा वाटोळा गोळा दिसला तर तो बुडबुडा. केंद्रक पिवळसर तपकिरी असतं आणि बहुधा कडेला, कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. काही पेशींत ते मधोमध दिसतं. तिथेही ते भित्तिकेलाच (पेशीच्या बाहेरच्या भिंतीलाच) लागून असतं, पण वरच्या किंवा खालच्या, आणि आपण बघतो वरून.

आयोडीन घालूनही निळा-काळा रंग येत नाही याचं कारण कांदा स्टार्च साठवत नाही. तो रंग बटाट्यात बघा.

खरी अडचण प्रद्रव्यपटलाची, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याची. ते भित्तिकेला इतकं चिकटून असतं की वेगळं दिसत नाही. मुलं अंदाजाने दुहेरी रेघ ओढतात. ते असल्याचा पुरावा हवा तर रससंकोच करून, म्हणजे पेशीतलं पाणी बाहेर काढून तिचा आतला भाग आक्रसवून बघा. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा किंवा रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची साल घ्या. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने आधीचं पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसतो. रंग रिक्तिकेत असतो. तिच्यातलं पाणी परासरणाने बाहेर जातं, पटल आत ओढलं जातं, भित्तिका मात्र जागच्या जागी. मधल्या मोकळ्या जागेत काय असतं? मिठाचं पाणी! भित्तिका ते आत येऊ देते, अडवतं ते पटल. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. साधं पाणी सोडलं की पेशी पुन्हा फुगते. फार वेळ मिठात राहिली तर पटलच बिघडतं आणि रंग बाहेर झिरपतो.

प्राणी पेशीसाठी गालाच्या आतून टूथपिकच्या बोथट टोकाने हलकं खरवडा. थेंब 0.9% मिठाच्या पाण्याचा घ्या, वर पातळ मिथिलीन ब्लू. भित्तिका नसल्याने पेशी वेड्यावाकड्या, दुमडलेल्या दिसतात. गर्द निळं केंद्रक मात्र ठळक. पेशीवर बारीक निळे ठिपके दिसतील, त्यांना तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगकं) असं नाव देऊ नका. ते तोंडातले जीवाणू. तंतुकणिका रंगवायला जानस ग्रीन बी हे वेगळं रंजक लागतं, आणि तेही जिवंत पेशीवर.