साठ हजार शेअर

मी कंपनी सेक्रेटरी आहे. दोन वर्षांपूर्वीची भोसरीतली ती दुपार मला अजून आठवते. पंपातली गळती रोखणारी सिलिकॉन कार्बाइडची सील रिंग बनवणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. टेबलावर करारावर ठेवलेली काळीभोर रिंग मी सहज उचलली, तर पोलादाच्या निम्मंसुद्धा वजन नाही. ती भाजायला दोन हजार अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते, आणि त्या नव्या भट्टीसाठीच एका गुंतवणूकदाराकडून तीन कोटी हवे होते.

"मॅडम, हे कर्ज आहे. शेअर विकतच नाही आपण," कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, म्हणाले. करारात सीसीडी होते, म्हणजे ठरल्या मुदतीला ज्यांचे शेअर व्हायलाच हवेत असे डिबेंचर (कर्जरोखे). त्या क्षणापर्यंत व्याज द्यायचं म्हणून माणसाला ते कर्ज वाटतं. सरांनाही तसंच वाटलं होतं.

मी रजिस्टर उघडलं. एकूण एक लाख शेअर. सरांचे बावन्न हजार, भागीदाराचे अठ्ठावीस, नातेवाइकांचे वीस. रूपांतराचा भाव हजार रुपये, म्हणजे नवे तीस हजार शेअर. सर ४० टक्क्यांवर. इथवर हिशेब सरळ होता. पण अठराव्या पानावर एक ओळ होती : दोन वर्षांत रिंगची ठरलेली विक्री झाली नाही, तर रूपांतराचा भाव निम्मा.

मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. साठ हजार शेअर. गुंतवणूकदार साडेसदतीस टक्के, सर साडेबत्तीस. कंपनीच्या मोठ्या निर्णयांसाठीच्या विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, म्हणजे गुंतवणूकदाराच्या होकाराशिवाय एकही विशेष ठराव होणार नाही. आणि विक्री कशावर अवलंबून? पंपवाल्यांच्या मंजुरीवर. रिंग महिनोन्‌महिने चालवून बघितल्याशिवाय ते ऑर्डर देत नाहीत. अशा मालाला दोन वर्षांची अट घालणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. हिशेब सांभाळणाऱ्या वहिनी हळूच म्हणाल्या, "मग राहतं काय आपलं?"

अकरा दिवस बोलणी चालली. शेवटी दोन कोटींचे साधे, रूपांतर न होणारे डिबेंचर, शेड आणि भट्टीवर पहिल्या बोज्यासह, म्हणजे कर्ज थकलं तर त्यांवर पहिला हक्क डिबेंचर घेणाऱ्याचा. त्यासाठी एमआयडीसीची ना-हरकत. बिनतारणाचे ठेवले असते तर ते डिपॉझिटच्या, म्हणजे कंपनीने ठेवी घेण्याच्या, नियमांत अडकले असते. उरलेला एक कोटी सीसीडी, भाव हजारच, कायमचा. नवे शेअर फक्त दहा हजार. सर ४७ टक्क्यांवर, भागीदार धरून जवळपास ७३. व्याजाचा बोजा वाढला, तो त्यांनी समजून घेतला.

पैसे वेगळ्या खात्यात आले. पण डिबेंचरचं वाटप होऊन त्याची माहिती सरकारला देणारा पीएएस-३ फॉर्म भरेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. भट्टीवाला ॲडव्हान्ससाठी रोज फोन करत होता. फॉर्म अपलोड झाला तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. मी लगेच फोन लावला.

"झालं?" सरांनी विचारलं. "मग उद्या सकाळी पहिलं आरटीजीएस भट्टीचं."