मुंगसाला समाधी नाही

मंगळवार, रात्री

रडू आलं ते खरंच आलं होतं, एवढं तरी कुणी मान्य करावं. परतीच्या वाटेवर गाडीभर एकच विषय, "मावशी दगडापुढे रडली." चिन्मयला निमित्तच हवं असतं. ताईसुद्धा हसली, ते जास्त लागलं.

बेदगेलर्ट हे वेल्समधलं इवलंसं गाव. ग्लासलिन आणि कॉल्विन नद्यांचा संगम, करड्या दगडांची घरं, वर स्लेटची छपरं, भोवती एरिरीचे डोंगर. नदीकाठच्या कुरणात झाडाखाली कुंपण घातलेली ती गेलर्ट कुत्र्याची समाधी. स्लेटच्या दोन पाट्या, एक वेल्शमध्ये, एक इंग्रजीत. लुएलिन राजा शिकारीहून परतला तर पाळणा उलटा आणि गेलर्ट कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. राजानं तलवार खुपसली. तेवढ्यात बाळ रडलं. शेजारी लांडगा मरून पडलेला. बाळ सुखरूप आहे, इथवर वाचलं आणि... जाऊ दे.

तेवढ्यात चिन्मयनं मोबाइलवर शोधलंच. राजा तेराव्या शतकातला, समाधी मात्र अठराव्या शतकाच्या अखेरची. डेव्हिड प्रिचर्ड नावाचा रॉयल गोट हॉटेलवाला, त्यानं गिऱ्हाईक यावं म्हणून दगड उभे केले. गावाचं नावही बहुधा कुणा जुन्या संतावरून पडलेलं.

आणि गोष्ट तर आपल्या पंचतंत्रातली! ब्राह्मणी, पाण्याची घागर, साप, मुंगूस. लहानपणी किती वेळा ऐकली, मुंगसासाठी कधी टिपूस गाळलं नाही. मग इथंच का? खोट्या थडग्यापुढे खरं रडू येतं, तर ते नेमकं कुणासाठी? कुत्र्यासाठी नव्हतं, एवढं मला कळतं. ताईलाही कळायला हवं होतं.

असो. प्रिचर्डला मानलं पाहिजे. गावात तेराव्या शतकातला ऑगस्टिनियन मठ खरोखर होता, त्याचं चर्च अजून उभं आहे. तिकडे आमच्यातलं कुणी फिरकलं नाही. सिगनची तांब्याची खाण 1903 साली बंद पडली, आता तीही तिकीट काढून बघायची. कुत्रा मात्र दोनशे वर्षं कमावतोय. आम्हीही आइस्क्रीम खाल्लंच की, आणि चिन्मयनं दोन खाल्ली.

मघाशी समाधीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली राजाची गोष्ट लिहून. काकूंचे तीन रडके चेहरे आले. "हे बघायला एकदा यायलाच हवं," म्हणाल्या. हॉटेलवाल्याचं मी काही बोलले नाही.