डबी अपडेट ७: झिलवॉकी पुलावर स्वे (ट्रेलरचं डोलणं), आणि कारण निघालं आमचीच नवी बॅटरी

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये डबीच्या, म्हणजे आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरच्या, लिथियम बॅटरीचे फोटो टाकले होते, आठवत असेल. किती खूश होते मी. पुढची जुनी लेड ॲसिड काढली, नवी आत मागच्या बाकाखाली बसवली, वायरी नीट लग्समध्ये क्रिंप केल्या, हीट श्रिंक लावलं. ते काम आजही मला चांगलंच वाटतं, पण जागा चुकली. आणि ती चुकली हे कळायला आय-७५ हायवेवर जिवाचं पाणी पाणी व्हावं लागलं.

झालं असं की मेच्या शेवटी सीझनची पहिली ट्रिप. मिशिगनमधल्या ट्रॉयहून सेंट इग्नसला, मॅकिनॉ पूल ओलांडला की लगेच स्ट्रेट्स स्टेट पार्क आहे तिथलं बुकिंग, जे मी सहा महिने आधी विंडो उघडल्या उघडल्या घेतलं होतं. फ्लिंटपर्यंत सगळं मस्त, ताशी ५८-६० मैलांचा स्पीड, गाडी मी चालवत होते. मग सॅगिनॉच्या पुढे झिलवॉकी पूल. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहितीये, नदीवर एकदम उंच चढतो, दोन्ही बाजूंना सपाट रान आणि बे कडून येणारा वारा आडवा. चढावर डावीकडून एक सेमी (मोठा मालट्रक) गेला. आधी त्याच्या हवेनं ढकललं, मग ओढलं, हे नेहमीचंच, पण या वेळी डबी परत जागेवर आलीच नाही. आरशात तिचा पांढरा मागचा कोपरा एकदा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग डावीकडे आणखी जास्त. स्टिअरिंग हातात हलकं लागत होतं, जसं पुढची चाकं रस्त्याला नीट टेकलेलीच नाहीत.

गॅसवरचा पाय काढला, गाडीचा ब्रेक अजिबात दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची स्लाइड अंगठ्यानं सरकवली म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले. तीन-चार सेकंदांत डबी मागून ताणल्यासारखी सरळ झाली. हा कंट्रोलर, प्रॉडिजी पी-थ्री, घेताना नवरा म्हणाला होता की एवढ्याशा ट्रेलरला एवढा महाग कशाला. त्या दिवशी एक्झिट घेऊन गॅस स्टेशनच्या मागे थांबलो तेव्हा तो पहिलं वाक्य हेच बोलला, "बरं झालं तू तोच घेतलास." डबीत जाऊन आलं घालून चहा केला, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग बुकिंग कॅन्सल केलं आणि ४५-५० नं जुन्या रस्त्यांनी घरी परत आलो.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवसापासून तीन आठवडे मी याच्याच मागे आहे.

सगळ्यात आधी हिचवाल्या (गाडीला ट्रेलर जोडायचं सामान विकणाऱ्या) दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं डबी पाहिलीसुद्धा नाही, किती फुटी विचारलं, सोळा म्हटलं तर लगेच वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारी) आणि वर स्वे बार (डोलणं रोखणारे), इन्स्टॉलेशन धरून आकडा सातशे डॉलरच्या पुढे. मी क्रेडिट कार्ड काढायच्या बेतात होते, इतकी घाबरलेली होते. पण एक प्रश्न विचारला, की मागच्या वर्षी हाच ट्रेलर, हीच गाडी, हाच बॉल माउंट, आणि हाच पूल आम्ही चार वेळा ओलांडला, तेव्हा का नाही हलला? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून नाही घेतलं. माझं स्पष्ट मत आहे, स्वे बार वाईट नाही, पण जो ट्रेलर मुळात नीट लोड केलेला नाही त्याला स्वे बार लावणं म्हणजे ताप का आला ते न बघता क्रोसिन देणं.

मग कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा. ज्यांनी अजून केलं नाही त्यांनी प्लीज करा, ट्रक स्टॉपवर असतो, थोडक्या डॉलरात होतं आणि त्याच दिवशी परत वजन केलं तर आणखी स्वस्त. पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. मी ट्रिपला भरलेलं सामान तसंच ठेवलं होतं, पाण्याची टाकी भरलेली, सायकली मागे रॅकवर. आकडे पौंडात असे आले: पुढचा ॲक्सल २,४२०, मागचा २,७४०, ट्रेलरचा २,७२०. मग डबी पार्किंगमध्ये सोडून नुसती गाडी, आमची पायलट, परत काट्यावर नेली: २,५०० आणि २,४८०. म्हणजे डबीचं एकूण वजन २,९०० पौंड, त्यातलं चाकांवर २,७२०, उरलं टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा (टंगचा) गाडीवर पडणारा भार, फक्त १८०. सहा टक्के! पाहिजे दहा ते पंधरा.

मी तिथेच पार्किंगमध्ये दोनदा हिशोब केला, मग नवऱ्याला करायला लावला. १८० च. कारण माझ्या डोक्यात टंग वेट साडेतीनशेच्या वर होतं, डबी घेतली तेव्हा मोजलेलं, आणि तोच आकडा मी दीड वर्ष सगळ्यांना सांगत आले होते.

त्याच रात्री सासऱ्यांशी व्हिडिओ कॉल झाला. अण्णा कराडजवळचे, तरुणपणी कारखान्याला ऊस बैलगाडीनंच घातलेला. नवऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं, पूल, ट्रक, वारा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सामान मागं भरलं हुतं का?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग गाडी उलाळ झाली म्हणा की. जुवावर वजन पायजेच, बैलाच्या मानंवर थोडं बसलं पायजे, न्हायतर गाडी मागनं बैलाला हाणती." मी काट्याच्या पावत्या घेऊन बसले होते आणि अण्णांनी त्या न बघता सांगितलं. उलाळ हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. आपल्या भाषेत या भानगडीला नेमका शब्द आहे आणि आपण टेल हेवी टेल हेवी करत बसतो.

मग कागद घेऊन बसले. डबीच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत, म्हणजे ती गाडीला जोडली जाते तिथपर्यंत, १० फूट. ॲक्सलच्या मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू टंग वर उचलते, वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर भागिले १०, इतकं साधं आहे. दोन ई-बाइक ५५-५५ च्या आणि ४० चा रॅक, १५० पौंड, ॲक्सलपासून ७ फूट मागे: टंगवरून १०५ गेले. पाणी २० गॅलन म्हणजे १६७ पौंड, टाकी २ फूट मागे: ३३ गेले. आणि बॅटरी. जुनी ४८ पौंडांची, टंगवर साडेआठ फूट पुढे होती, ती काढल्यावर ४१ गेले, आणि नवी २५ ची मी ४ फूट मागे ठेवली म्हणजे आणखी १०. बॅटरीनं एकटीनं ५१ पौंड खाल्ले! सगळं मिळून १८९. मोजलेल्या १८० मध्ये ते परत मिळवले की ३६९, म्हणजे माझा जुना आकडा. कोडं तिथेच सुटलं आणि मला खरंच रडू आलं, सुटल्याच्या आनंदानं.

हिवाळ्यात जे जे सुधारलं म्हणत होते, सायकलींचा रॅक, बॅटरी, पूर्ण टाकी भरून निघायची नवी सवय, ते प्रत्येक एकेकटं चाललं असतं. तिन्ही एका दिशेला गेलं.

इथे एक पर्याय बऱ्याच जणांनी सुचवला, की टंगवर मोठी टूलबॉक्स बसव, त्यात जड सामान टाक, टंग वेट होईल बरोबर. आकडा होईल, मान्य. पण दोन्ही टोकांना वजन लटकवलं की ती कावड होते. कावड खांद्यावर अगदी तोललेली असते, पण एकदा घडे झोके घ्यायला लागले की थांबवताना खांदा निघतो. ट्रेलरचंही तेच, टोकांना वजन असेल तर डोलायला लागल्यावर थांबायला वेळ लागतो. म्हणून मी ठरवलं, जड ते ॲक्सलवर किंवा जरासं पुढे, आणि मागच्या बंपरवर काहीही नाही.

तर केलं ते हे. रॅक घरी. सायकली पुढचं चाक काढून आत, जमिनीवर, बरोबर ॲक्सलच्या वर, खाली जुनी सोलापुरी चादर दुमडून आणि दोन रॅचेट स्ट्रॅप. बॅटरी पुढच्या बाकाखाली, ६ फूट पुढे. बाहेर टंगवर परत का नाही नेली असं विचाराल, तर लिथियम शून्याखालच्या थंडीत चार्ज करायची नसते आणि मिशिगनमध्ये एप्रिलचा भरवसा नाही, आत असलेलीच बरी. पाणी निघताना रिकामं, पार्कात पोचल्यावर भरायचं. कागदावर ३४३ आलं.

मोजायला यावेळी घरचा बाथरूमचा काटा वापरला. फळीचं एक टोक विटेवर पाइप ठेवून, दुसरं काट्यावर पाइप ठेवून, दोन पाइपांत ३ फूट, आणि टंग विटेपासून १ फुटावर. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट. फळीचं वजन आधी शून्य करून घ्या, चाकांना चॉक लावा, ट्रेलर लेव्हल पाहिजे, आणि जॅकखाली मोजू नका तर कपलरच्या (बॉलवर बसणाऱ्या टोकाच्या) बरोब्बर खाली चार बाय चारचा ठोकळा उभा करून मोजा, नाहीतर आकडा जास्त येतो आणि आपण उगाच निश्चिंत होतो. काट्यावर ११४ आले. ३४२! एकूण वजन आता २,६९३ धरलं तर पावणेतेरा टक्के. नवऱ्यानं त्या काट्याचा फोटो अण्णांना पाठवला.

दोन छोट्या गोष्टी याच नादात सापडल्या. टायर थंड असताना ३८ पीएसआय निघाले, साइडवॉलवर ५० लिहिलंय, हिवाळाभर स्टोरेज लॉटवर उभी होती आणि मी फक्त लाथ मारून बघितलं होतं, हे परत नाही करणार. आणि डबी नाक वर करून चालत होती, पुढून दीड इंच वर, त्यानंही मागे वजन सरकतं. जास्त ड्रॉपचा शँक (बॉल आणखी खाली आणणारा दांडा) मागवला, ईट्रेलरचे व्हिडिओ बघून घरीच बसवला, आता टेपनं पुढे-मागे सारखं माप येतं. टंग वेट वाढल्यावर गाडी मागून थोडी बसते, तेही धरून माप घेतलंय.

पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन घेऊ शकते त्याचा, हिशोबही परत केला, कारण टंग वेट गाडीच्या पेलोडमध्ये धरावं लागतं. दरवाज्याच्या खांबावरच्या पिवळ्या स्टिकरवर आमचे १,२९०. टंग ३४२, आम्ही दोघं ३१०, गाडीतलं सामान ३५०. बसतं, आणि हिचची ५०० ची मर्यादाही लांब आहे. मागच्या वेळी ज्या दोघा-तिघांनी विचारलं होतं ना की जोडप्याला कुठली ट्रेलर घेऊ, टिअरड्रॉप (आत फक्त झोपायचं, स्वयंपाक मागच्या दारात) की स्कॅम्प-कसिटासारखं फायबरग्लासचं अंडं, त्यांना माझं हेच सांगणं आहे की ट्रेलर बघायच्या आधी गाडीचा तो स्टिकर वाचा. ब्रोशरमधलं ड्राय वेट विसरून जा, बॅटरी, गॅस, पाणी, भांडी, गाद्या काहीच धरलेलं नसतं त्यात. बाकी आम्ही अंडं घेतलं ते उभं राहता येतं म्हणून, पावसात आत उभं राहून पोहे करता येतात, पन्नाशीच्या गुडघ्यांना वाकून मागच्या दारात स्वयंपाक जमत नाही.

तर या शनिवारी सकाळी टेस्ट. परत झिलवॉकी, मुद्दाम. वारा त्या दिवसाइतका नव्हता पण होता. ५८ वर पूल चढलो, पहिला सेमी गेला, डबी एकदा ढकलली गेली आणि लगेच परत जागेवर. दुसरा गेला, परत तेच. माझा अंगठा कंट्रोलरच्या स्लाइडवर होता पण लागला नाही. पलीकडे उतरून वळलो, परत आलो, मग आणखी एकदा गेलो. आणि घरी येताना स्टोरेज लॉटवर एका दमात रिव्हर्स लावली, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून. नवरा मागे उभा राहून हात हलवत होता, त्याला एकदाही "थांब" म्हणावं लागलं नाही.

खरंतर इथे थांबणार होते, पण हे लिहिताना एक सुचलं. डबीचा स्पेअर मागच्या बंपरवर आहे! ३८ पौंड, ६ फूट मागे, म्हणजे २३ गेलेले. तो पुढे ए-फ्रेमवर (टंगच्या त्रिकोणी सांगाड्यावर) नेला तर वर ३३ मिळतात, एकूण ५६. मग टंग ३९८, हे जरा जास्तच, पावणेपंधराच्या आसपास. पण तेव्हा टाकी भरून निघता येईल! पाण्याचे ३३ गेले की ३६५, आणि एकूण २,८६० वर परत पावणेतेरा टक्के. वजनही एका टोकाचं दुसऱ्या टोकाला जातंय, वाढत नाहीये, म्हणजे कावड आणखी जड होत नाही. पिक्चर्ड रॉक्सकडे बिना हुकअपचं (पाणी-विजेच्या कनेक्शनशिवाय) राहायचं तर भरलेली टाकी लागतेच. म्हणजे सोलर पॅनेलचा जो प्लॅन या महिन्यात होता तो पुढे ढकलते, आधी स्पेअर.

सेंट इग्नसला सप्टेंबरमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी एक साइट मिळाली, घेऊन टाकली. मॅकिनॉ पुलावर वारा जास्त असला तर ट्रेलरवाल्यांना ताशी २० मैलांनी एस्कॉर्टमागून नेतात, तसं झालं तरी चालेल, मी खिडकी उघडी ठेवून हळू जाईन.

ए-फ्रेमवर स्पेअर बसवलेलं कुणी असेल तर सांगा, जॅकचं हँडल फिरताना टायरला लागतं का, आणि गॅसच्या सिलेंडरसाठी किती जागा ठेवली? ब्रॅकेटचा फोटो असेल तर टाका, मी उद्या संध्याकाळी टेप घेऊन लॉटवर जाणार आहे.