दिवेलागणीच्या आत घरी (मिस्ट्री शॉपिंगची वही, मार्च ते जून)

मंडळी, मिस्ट्री शॉपिंग म्हणजे कंपनीच्या वतीनं साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, कसं वागवलं ते गुपचूप बघून रिपोर्ट लिहायचा आणि त्याची फी घ्यायची. त्या कामांची माझी वही चालूच आहे, पण या चार महिन्यांत कामांपेक्षा जास्त डोकं एकाच गोष्टीवर खर्च झालं, ते म्हणजे कामासाठी जायचं कुठपर्यंत. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात आम्ही दोन मेट्रो स्टेशनच्या पुढं जात नाही, त्यांचं बरोबर आहे, त्यांना एका मॉलमध्ये चार कामं मिळतात. मी परभणीत राहते. जगात जर्मनी भारतात परभणी, ते सगळं ठीक, पण इथं प्रत्येक ब्रँडचं दुकान एकच, फार तर दोन, आणि रोटेशन तीन महिन्यांचं, काही क्लायंटचं सहा महिन्यांचं, म्हणजे एकदा जाऊन आलं की तेवढे दिवस त्या दुकानाची पायरी चढायची नाही. वर्षभरात माझी परभणी संपली.

आणि संपली नसती तरी अडचण होतीच. फेब्रुवारीत इथल्याच एका चष्म्याच्या दुकानात गेले, चेहरा कोरा ठेवून फ्रेमा बघायले, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काकू, तुम्ही आमच्या तायडीच्या क्लासच्या मॅडम ना?" झालं. मग त्यानं चहा मागवला, मालकाला बोलावलं, डिस्काउंट दिला. ब्रीफमध्ये (कामाआधी येणाऱ्या सूचनांत) लिहिलेलं असतं की सामान्य ग्राहकाला जशी वागणूक मिळते तशी नोंदवा, आता हा चहा नोंदवू का नको? खरं ते लिहिलं, ओळख निघाली म्हणून. व्हिजिट रद्द झाली, फी गेली. (ब्रँडची नावं लिहीत नाही, करारात सही केलेली आहे, विचारू पण नका.)

म्हणून बाहेर पडले. सुरुवातीचा नियम सोपा होता, स्कूटीवर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जिंतूर, गंगाखेड, मानवत, पाथरी, सेलू सगळं यात येतं. या गावांना कपड्याबिपड्याची ब्रँडेड दुकानं कमी, पण पेट्रोल पंप, बाइकची शोरूम, एटीएमची तपासणी, मोबाइलची दुकानं असतात. पंपाचं काम मला लई आवडतं. एक तर तिथं काय बघायचं ते ठरलेलं असतं, मीटर शून्यावर आणून दाखवला का, हवा फुकट भरून दिली का, संडासाला कुलूप आहे का, प्यायचं पाणी आहे का, फिल्टर पेपर मागितला तर कपाळाला आठ्या पडल्या का. (नोझलचा एक थेंब त्या कागदावर टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल स्वच्छ. मागणं आपला हक्क आहे, पण बाईनं मागितला की पाच माणसं बघायला जमतात.) आणि दुसरं म्हणजे तिथं भरलेल्या पेट्रोलचं बिल परत मिळतं, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च कामातच भागला. आमच्याकडं हे महत्त्वाचं आहे, पेट्रोल मनमाडहून टँकरनं यायचं म्हणून परभणीचा दर राज्यात कायम वरच्या नंबरात, २०२२ मध्ये तर १२० च्या पुढं गेलेला बघितलाय आपण. मी स्कूटीचा हिशोब किलोमीटरला साडेतीन रुपये धरते, पेट्रोल अडीच आणि टायर-सर्व्हिसिंगचा एक. जिंतूरला जाऊन येऊन जवळपास तीनशे होतात. साडेतीनशे फीचं बाइक शोरूमचं काम घेऊन जिंतूरला गेलं की पन्नास रुपये हातात आणि पाठ कामातून गेलेली. हे मी दोनदा केलं. दुसऱ्यांदा मे महिन्यात केलं, त्यावर सासूबाई जे बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही.

मग लालपरी. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्या बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि हा हिशोब मी आधी कामून केला नाही याचं मलाच नवल वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्के वाढलं तरी अर्धं ते अर्धंच. हिंगोली सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, बाईला साधारण ६५-६६ रुपये. स्कूटीच्या हिशोबानं तेच अडीचशेच्या वर. म्हणजे लांबचं गाव जवळच्या गावापेक्षा स्वस्त! मला वाटलं आता काय, अख्खा मराठवाडा मोकळा.

हिंगोलीचं काम ३५० चं. औंढ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून नागनाथाला हात जोडले, काम चांगलं होऊ दे म्हटलं. हिंगोलीत उतरले, रिक्षानं ब्रीफमधल्या पत्त्यावर गेले तर तिथं शटर, आणि शटरवर कागद, दुकान शिफ्ट झालेलं. कुठं ते पाण्यानं पुसलेलं. काम देणाऱ्या कोऑर्डिनेटरला फोन, उचलत नाही. शेजारच्या पानटपरीवाल्याला विचारलं तर तो पत्ता सोडून माझीच चौकशी करायला, "कोन्या गावच्या? हिंगोलीत कोणाकडं आल्या?" आता आपल्याकडं हे सुटत नाही, तुम्हाला माहितीये, नातं लावल्याशिवाय माणूस पुढं बोलत नाही. मी आपलं म्हटलं, मावशीकडं. "कोणती गल्ली? आडनाव काय त्यांचं?" मावशीला आडनाव द्यायचं मी घरून ठरवून आणलं नव्हतं. जे सुचलं ते बोलले, तर त्या आडनावाचे लोक त्याच्या भावकीतले निघाले. तिथून कशी निघाले ते माझं मला माहीत. शेवटी शटरचा लोकेशनसकट फोटो काढला, पाठवला, आणि दुपारच्या गाडीनं परत. अर्धी फी मंजूर झाली, १७५. खर्च तिकीट १३२, रिक्षा ४०, चहा-नाश्ता ४०. वहीत लिहिलंय, उणे ३७.

त्यातून दोन गोष्टी पक्क्या केल्या. आदल्या दिवशी दुकानाला बहिणीच्या फोनवरून फोन लावायचा, "उद्या चालू हाय का हो, कुठं आलं नेमकं?" एवढंच विचारायचं, बाकी काही नाही. आणि परगावची मावशी आडनाव-गल्लीसकट घरून तयार ठेवायची. आडनाव असं घ्यायचं की जे त्या गावात सापडणारच नाही.

तिसरी गोष्ट तेव्हा कळाली असं वाटलं पण ती चुकीची निघाली. ती अशी, की लांब जायचं तर एकाच फेरीत तीन-चार कामं गोळा करून जायचं. म्हणजे भाडं सगळ्यांत वाटलं जातं. ऐकायला एकदम बरोबर ना? नांदेडला बरोबर निघालंही. परभणीहून रेल्वेनं साठ किलोमीटरच्या आत, तिकीट चाळीसच्या आसपास, गाड्या भरपूर. तीन कामं घेतली, चष्मा ४००, मोबाइल ३००, आणि एक खाण्याचं, त्याची फी २०० आणि बिल परत. चष्मा आणि मोबाइल दोन्ही वजिराबादकडंच असल्यानं चालत झालं. दुपारी वेळ होता, पाय आपोआप गुरुद्वाऱ्याकडं वळले, नांदेडला जाऊन सचखंडला माथा टेकल्याशिवाय आणि लंगरमध्ये बसल्याशिवाय मी आजवर आलेले नाही. डाळ, भाजी, खीर, पोटभर. बाहेर आल्यावर आठवलं की चार वाजता खाण्याचं काम आहे. चवीला दहापैकी गुण द्यायचे होते, वितळलेल्या चीजचं वर्णन करायचं होतं, आणि माझ्या पोटात पाणी जायला जागा नव्हती. दोन घास खाल्ले, फोटो काढले, बाकीचं पार्सल करून पोरांना आणलं. गुण मात्र दोन घासांचेच दिले, खोटं नाही.

हिशोब, फी ९००, रेल्वे-रिक्षा २००, हातात ७००. वहीत गोल करून ठेवलंय. पण आमचे हे हिशोबात माझ्यापेक्षा पक्के, म्हणाले तास पण मांड. घरातून बाहेर नऊ तास, आणि तिन्ही रिपोर्ट लिहायला पाच. चौदा तासांत सातशे, तासाला पन्नास. म्हणजे आमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या बायांच्या रोजाच्या आसपासच, आणि त्या अंधार पडायच्या आत घरी असतात.

हे रिपोर्टचं नवीन लोकांना कळत नाही म्हणून जरा सांगते. दुकानात वीस मिनिटं, रिपोर्ट दोन तास. साठ-सत्तर प्रश्न, किती सेकंदांत कोण सामोरं आलं, नावाची पट्टी होती का, पट्टीवर काय नाव, दुसरा पर्याय दाखवला का, निघताना काय म्हणाला, आणि वर इंग्रजीत परिच्छेद. चोवीस तासांत जायला पाहिजे, काहींचं बारा तासांत. दुकानात लिहिता येत नाही, बाहेर पडल्या पडल्या कोपऱ्यात उभं राहून फोनवर बोलल्यासारखं करत व्हॉइस नोट करायची. लोकांना वाटतं बाई नवऱ्याशी भांडायली.

तर छत्रपती संभाजीनगर. मराठवाडा एक्सप्रेसनं गेले, दोन दिवस, पाच कामं, १९०० रुपये, सिडकोत मावसबहिणीकडं मुक्काम. मुक्काम फुकट असं मी वहीत आधीच लिहून टाकलं होतं. मंडळी, नातेवाइकाकडचा मुक्काम फुकट नसतो. पोरांना खाऊ न्यावा लागतो, मोकळ्या हातानं कोण जातं, ४५० तिथं गेले. निघताना तिनं ब्लाउजपीस दिला, ओटी भरली, आता दिवाळीला ती आली की मला साडी बघावी लागणार. आणि रात्री? रात्री बहीण झोपू देत नाही, तीन वर्षांनी भेटली, दोन वाजेपर्यंत गप्पा. रिपोर्ट उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन दुकानं, मग संध्याकाळची गाडी, गाडीला ही गर्दी, जालना गेलं तरी उभीच, परतूरला बसायला मिळालं. घरी येऊन रात्री साडेदहाला पाच रिपोर्ट उघडून बसले आणि डोक्यात पाचही दुकानं एक झालेली. निळ्या शर्टाचा पोरगा बुटाच्या दुकानातला का घड्याळाच्या? "मॅडम सोफ्यावर बसा" कोण म्हणालं? व्हॉइस नोट होत्या पण त्यात मी "इथं" "हा मुलगा" असंच बोलले होते, दुकानाचं नाव कशातच नाही. घड्याळवाल्या पोराचं नाव मी बुटाच्या रिपोर्टात लिहिलं. रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटरनं पकडलं, त्या नावाचं त्या दुकानात कोणी कामाला नाही. रिपोर्ट नामंजूर, ४०० गेले, आणि माझं रेटिंग घसरलं ते अजून वर आलेलं नाही.

पैशापेक्षा मला वाईट एका गोष्टीचं वाटलं. एडिटरनं पकडलं नसतं तर? त्या नावाचा पोरगा तिथं खरंच असता तर दुसऱ्याच्या वागण्यावरून त्याला साहेबाची बोलणी बसली असती, कुणास ठाऊक इन्सेंटिव्ह पण कापला असता. आपण गंमत म्हणून करतो, पलीकडं कुणाची तरी रोजीरोटी असते.

तर आत्ताचा नियम असा झालाय, किलोमीटर मोजायचेच नाहीत. दिवेलागणीच्या आत घरी येता येतं का, एवढंच बघायचं. आलं तर जेवणाआधी एक रिपोर्ट, जेवणानंतर एक, आणि डोकं ताजं असतं. म्हणून एका फेरीत दोनच कामं, तिसरं फक्त पंपाचं किंवा एटीएमचं, कारण त्यात माणसं आठवायची नसतात. या मापानं नांदेड जवळ आहे, पूर्णा जवळ आहे, परळी गाडी वेळेवर असली तर जवळ (म्हणजे लांब), आणि जिंतूर उन्हाळ्यात लांब, दिवाळीनंतर जवळ. निजामाबादचं एक आलं होतं, तिकडं अर्ध्या तिकिटाची हद्द राज्याच्या सीमेपाशीच संपते आणि मला तेलुगू येत नाही, नाही म्हटलं. जूनमध्ये या नियमानं सात कामं झाली, सातही मंजूर, हातात साडेअठराशे. मे महिन्यात अकरा करून याच्यापेक्षा कमी उरले होते.

नियम मोडायचा प्रसंग लगेच आलाच. लातूरचं एक काम, दागिन्यांचं दुकान, आधी ४०० होतं, कोणी घेतलं नाही म्हणून ६०० झालं, आज सकाळी कोऑर्डिनेटरचा मेसेज, ९०० देतो पण शनिवारपर्यंत करा. हे तुम्हाला माहितीच आहे, मुदत जवळ आली की आकडा चढतो, म्हणून लांबच्या कामाला पहिल्याच दिवशी हो म्हणायचं नसतं. पण लातूर बसनं एका बाजूला साडेतीन-चार तास, दिवेलागण काय, गंगाखेडलाच अंधार पडायचा. नाही लिहायला गेले आणि आठवलं, रविवारी लातूरलाच नणंदेच्या नातवाचं बारसं आहे, आम्ही जाणारच होतो, सगळे मिळून, त्या दिवशी पहाटे निघून.

नणंदेला फोन लावला, म्हटलं ताई, मी मदतीला शनिवारीच येते सकाळच्या गाडीनं, हे आणि पोरं रविवारी येतील. तिला लई कौतुक वाटलं. म्हणाली, "बरं झालं वहिनी, या लवकर, पुरणाचं तुम्हीच बघा मग दुपारी."