डिकी उघडून बघितली नाही, त्याची गोष्ट

गाडी बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने डॅशबोर्डवरच्या रेघा तीन वेळा मोजल्या. निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर उजव्या कडेला बारा बारीक रेघा असतात आणि बॅटरी थकत जाते तशा त्या एकेक करून विझतात. आमची गाडी २०१४ ची, बॅटरी २४ किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या भाषेत २४ युनिटची. नऊ वर्षांनंतर दहा रेघा शिल्लक होत्या. यावर तो खूश. मी टायर बघितले, हीटर लावून बघितला, सीटवर कुणाच्या कुत्र्याचे केस नाहीत ना ते बघितलं. डिकी मात्र दोघांपैकी कुणीच उघडली नाही.

ही ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो, घरासमोर एक गाडी मावेल इतकी जागा आहे. घरी आलो, डिकी उघडली, तर आत नुसतं कार्पेट. चार्जिंगची केबल नाही, घरच्या प्लगला लावायची केबल नाही, डिकीवरचा आडवा शेल्फही नाही. बॅटरी ३८ टक्के.

रात्री पुण्याला दादाला फोन केला. त्याच्याकडे इलेक्ट्रिक नेक्सॉन आहे. तो म्हणाला, "अगं, मग १५ अँपिअरच्या सॉकेटला लाव की, गिझरच्या." इथे गिझरचा सॉकेट नसतो हे त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. ब्रिटनमध्ये सगळ्या घरात एकाच जातीचे सॉकेट, तीन चौकोनी पिनांचे, आणि प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज, जास्तीत जास्त १३ अँपिअरचा. केटलला तोच, इस्त्रीला तोच. आणि सॉकेट असून तरी काय, मधली केबलच नव्हती.

केबलबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे, माझाही होता, की ती वायर म्हणजे चार्जर. खरा चार्जर गाडीच्या आतच असतो. घरात येते ती वीज एसी, बॅटरीला लागते ती डीसी; एसीचा डीसी करण्याचं काम तो करतो. रस्त्यावरचा चार्जिंगचा खांब फक्त वीज देतो आणि गाडीशी थोडं बोलतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच साध्या एसी खांबांना स्वतःची केबल नसते, नुसतं सॉकेट असतं. केबल आपण डिकीतून काढायची. म्हणजे आपली केबल नसेल तर त्या खांबांचा आपल्याला उपयोग दिवा लावण्यापुरताही नाही. फास्ट चार्जरला मात्र केबल जोडलेली असते, म्हणून पहिला आठवडा आम्ही सुपरमार्केटच्या आवारातल्या एका फास्ट चार्जरवर काढला. आमच्या गाडीला फास्ट चार्जिंगसाठी लागतो तो चाडेमो प्लग, जपानी. या नावामागे एक कोटी आहे: जपानीत 'चहा तरी घ्यायचा का?' असं म्हणताना तेच उच्चार होतात. गाडी चार्ज होईस्तोवर चहा प्या, हा हेतू. आम्ही अक्षरशः तेच केलं, थर्मासमधून. पण त्या चहाचा दर असा: घरी रात्रीची वीज तेव्हा आठ-नऊ पेन्स युनिट मिळू शकत होती, तिथे सत्तर-ऐंशी. शिवाय तेव्हा घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के होता आणि बाहेरच्या चार्जरवर २० टक्के. पेट्रोलचीच गाडी घेतली असती तर, हा विषय नवऱ्याने त्या आठवड्यात दोनदा काढला.

मग मला जाहिरात आठवली. मी खरेदीआधी सगळ्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढून ठेवते. ही सवय सांगलीच्या बाबांची, ते पावतीची झेरॉक्सही झेरॉक्स करून ठेवतात. सातव्या फोटोत डिकी उघडी होती आणि आत काळ्या पिशवीतून निळ्या केबलचं टोक डोकावत होतं. विक्रेत्याला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला की गाडी तुम्ही बघून घेतलीत, जशी आहे तशी. इथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा कामाला आला. विकणारा व्यापारी असेल तर वस्तू वर्णनाप्रमाणे असावी लागते, तशी नसेल तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करता येते, आणि 'बघून घेतलीत' हे वाक्य त्या हक्काच्या आड येऊ शकत नाही. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला एवढं संरक्षण नाही. मी भांडले नाही. फोटो जोडून चार ओळींची ईमेल टाकली, त्यात तीस हा आकडा एकदाच लिहिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: केबल सापडत नाही, १०० पौंड देतो.

नवीन केबल दीडशेच्या आसपास होती. म्हणून आम्ही जुनी शोधायला लागलो आणि इथे नवऱ्याचं वालचंद कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स पंचवीस वर्षांनी उगवलं.

आमच्या गाडीचं केबल लावायचं तोंड टाइप १, पाच पिनांचं. युरोपातल्या खांबांचं टाइप २, सात पिनांचं. तेव्हा एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं अशी केबल हवी होती. शेजारच्या गावात एक बाई स्वतःची लीफ विकून मोकळ्या झाल्या होत्या, केबल उरली होती. ३२ अँपिअरची, ९० पौंड. त्यांच्या दारातच नवऱ्याने जॅकेटच्या खिशातून मल्टिमीटर काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो बरोबर होता. टाइप २ प्लगमध्ये वर दोन लहान पिना असतात, त्यातली एक आणि मधली अर्थिंगची जाड पिन यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. केबल किती करंट सोसू शकते हे खांबाला तोच सांगतो: २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअर, ६८० म्हणजे २०, दीड हजार म्हणजे १३. मीटरने ६८० दाखवले. त्याने पुन्हा टोकं लावली. पुन्हा ६८०.

त्या बाई बिचाऱ्या खऱ्याच अनभिज्ञ होत्या, त्यांना ती गाडीबरोबर मिळाली होती. नवऱ्याने मीटर त्यांच्या हातात दिला, त्यांनी स्वतः मोजलं, मग चहा विचारला. आणि गंमत अशी की आम्हाला २० पुरेसे होते. आमच्या गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा, तो १६ अँपिअरपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. पण ही गोष्ट मी भाव ठरेपर्यंत बोलले नाही. ६० पौंडांना सौदा झाला. आई म्हणाली, "म्हणजे चाळीस पौंड फायद्यात की गं."

पहिल्यांदा ती केबल खांबाला लावली तेव्हा नवरा मला बाजूला उभी करून ऐकायला सांगत होता. खांब एका बारीक तारेवरून १२ व्होल्टचा इशारा देत असतो, सेकंदाला हजार ठोके. गाडी तो खाली ओढते, ९ वर, म्हणजे 'मी आले'. मग ६ वर, म्हणजे 'दे'. तेव्हा कुठे खांबाच्या पोटात टक् असा आवाज येतो आणि वीज सुरू होते. म्हणजे भर पावसात केबल हातात धरली तरी तोवर त्यात करंट नसतो. इथे पाऊस बंद व्हायची वाट बघत बसलो असतो तर गाडी अजून ३८ टक्क्यांवरच असती.

घरच्या प्लगला लावायच्या केबलला इथे ग्रॅनी केबल म्हणतात, आजी केबल, काहींच्या मते ती सावकाश चालते म्हणून. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "आज्या सावकाश असतात असं कुणी सांगितलं त्यांना?" ही आम्ही नवीनच घेतली, हिच्यात काटकसर नको म्हणून. १० अँपिअर, २.३ किलोवॅट, रिकामी बॅटरी भरायला पूर्ण रात्र. सॉकेट स्वयंपाकघरात आणि गाडी बाहेर, म्हणून एक्स्टेंशनची गोल रीळ आणली, हवी तेवढी वायर ओढली, बाकी रिळावर तशीच. दोन तासांनी हात लावला तर रीळ पोळ्यांच्या डब्यासारखी गरम. रिळावरच लिहिलेलं असतं, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडून किती, आणि त्या दोन आकड्यांत दुपटीहून जास्त फरक असतो. केटल तीन मिनिटं चालते, गाडी दहा तास. ती रीळ आता फक्त दिवाळीच्या माळांसाठी वापरतो, आणि तीही पूर्ण उलगडून.

त्यानंतर घरमालकाची परवानगी काढून भिंतीवर चार्जर बसवला. भाडेकरूंसाठी तेव्हा ३५० पौंडांपर्यंत सरकारी अनुदान होतं. बसवणाऱ्याने विचारलं, केबल जोडलेला हवा की नुसत्या सॉकेटचा. सॉकेटचा घेतला, कारण पुढची गाडी टाइप २ असणार, आणि टाइप १ ची केबल भिंतीला कायमची लोंबकळत ठेवून करायचं काय. पहिल्या रात्री साडेबाराला स्वस्त दर सुरू झाला तरी चार्जर ढिम्म. मी नाइटगाउनवर कोट चढवून बाहेर. आठ मिनिटांनी आपोआप सुरू झाला. नंतर कळलं की जून २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे घरचे नवे चार्जर मुद्दाम दहा मिनिटांपर्यंत कमीजास्त उशीर करतात, नाहीतर ठोक्याला साऱ्या देशाच्या गाड्या एकदम वीज ओढू लागतील.

आता वाटलं सगळं जमलं. नोव्हेंबरअखेर, साडेचारलाच काळोख, वोकिंगहॅमच्या रस्त्यावर मागचं डावं चाक बसलं.

या गाडीत स्टेपनी नसते. त्याऐवजी छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या पांढऱ्या द्रवाची बाटली. आमच्याकडे बाटली होती, कार्पेटखाली, ती कुणी चोरली नव्हती. तिच्यावर तारीख २०१८. हलवली तर आतून दह्यासारखा आवाज. शेवटी ब्रेकडाउनवाला बोलावला. तो म्हणाला ओढून नेता येणार नाही, या इलेक्ट्रिक गाडीची पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढायची नाहीत, मोटर त्या चाकांना जोडलेली असते. सपाट ट्रकवर चढवू. त्यासाठी पुढच्या बंपरमधलं छोटं झाकण काढून त्यात एक लोखंडी कडी पिळून बसवायची असते. "कडी द्या," म्हणाला. कडी ठेवायची फोममधली खाच तेवढी होती, कडीच्याच आकाराची, रिकामी. मी टॉर्च धरला होता. दोघंही त्या खाचेकडे जरा वेळ बघत राहिलो. मग त्याने चाकांना पट्टे बांधून इंचाइंचाने गाडी वर घेतली, चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात पुढचा अंक. प्रत्येक चाकाला एक नट असा असतो की तो साध्या पान्याने निघत नाही, चोरीला आळा म्हणून; त्याची नक्षी जुळणारी एक छोटी किल्ली गाडीत ठेवलेली असते. ठेवलेली असते. आमची नव्हती. दुकानातल्या पोराने एक सॉकेट पाना हातोडीने ठोकून नटावर बसवला आणि नट मोडून काढला. असे चार नट, प्रत्येकी २० पौंड. टायरपेक्षा नट महाग पडले. त्यांच्या जागी साधे नट लावून घेतले. आमच्या गाडीची चाकं चोरणाऱ्याला मी मागाहून चहा पाजेन.

कडी आणि डिकीचा शेल्फ मात्र भंगारवाल्याकडून आणले. इथले भंगारवाले म्हणजे पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराचंच रूप, फक्त ऑनलाइन: गाडीचा नंबर टाकायचा, कोणत्या यार्डात तसली गाडी मोडीत निघालीय ते दिसतं. शेल्फ ३५, कडी १५. शेल्फ नुसता शोभेचा वाटतो, पण तो नसला की डिकीतली तांब्याची केबल काचेतून सगळ्या जगाला दिसते. आईच्या हिशेबातले चाळीस पौंड इथे संपले.

पुढच्या सप्टेंबरात गणपतीला लंडनला गेलो, डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात. हे मंडळ १९३२ चं. एका बाजूने चाळीस मैल, आणि आमची गाडी उन्हाळ्यात साठ-पासष्ट जाते, म्हणजे परतीचं चार्जिंग तिथेच करायला हवं. लंडनच्या अनेक गल्ल्यांत रस्त्याच्या दिव्याच्या खांबालाच सॉकेट बसवलेलं असतं. खांबाला झाकण, झाकणाखाली सॉकेट, बाकी काही नाही. केबल डिकीतून काढली, लावली, टक् ऐकलं, आणि आरतीला गेलो. आरती, प्रसाद, गप्पा, तीन तास; साधारण दहा युनिट, परतीपुरती.

या दिवाळीच्या साफसफाईत मी पॅसेंजर सीटखाली व्हॅक्यूमची नळी घातली तर काहीतरी अडकलं. लहानशी निळी रेक्झिनची थैली. आत चाकाच्या नटाची किल्ली, नवीकोरी, तिच्यावर कोडाचं कार्ड बांधलेलं. नवऱ्याला दाखवली. तो काही बोलला नाही. आता ती ड्रॉवरमध्ये आहे, सांगलीच्या जुन्या घराच्या त्या दोन किल्ल्यांशेजारी, ज्यांची कुलपं बाबांनी २००९ मध्येच बदलली.