घासून गेलेले फळ

नागपूर, 12 मे, रात्री

दिवसभर कुलर घरघरत होता आणि मी माळ्यावरून उतरवलेली, झाडांचे जीवाश्म असलेल्या दगडांची पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. सूनबाईने भाबडेपणाने विचारले, "आई, हे दगड टाकायचे का?" नाही म्हणाले खरी, पण का नाही, ते तिला नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहिते आहे.

पेटीतले बहुतेक तुकडे चर्टचे, म्हणजे सिलिकाच्या (वाळूतल्याच द्रव्याच्या) टणक दगडाचे, आणि छिंदवाड्याच्या बाजूच्या, सौंसरजवळच्या मोहगाव कलान या गावचे आहेत. दख्खनच्या लाव्हाचे एकावर एक थर साचत असताना, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, मधल्या शांत काळात तेथे तळी आणि दलदली तयार झाल्या. त्यांत पडलेल्या खोडाफळांत सिलिका झिरपली आणि पेशीन् पेशी जशीच्या तशी दगडात राहिली. आमच्या कामठीच्या वालुकाश्मात ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची त्याहून कितीतरी जुनी पाने मिळतात, पण तो बहुधा नुसता ठसा असतो. पानाच्या आत काय होते, ते तो सांगत नाही. मोहगावचा दगड सांगतो, मात्र त्यासाठी तो कापावा लागतो.

कापलेला पृष्ठभाग काचेवर कारबोरंडमच्या भुकटीने घासायचा, हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये थोडा वेळ धरायचा, म्हणजे सिलिका विरघळून पेशीभित्तिका केसभर वर येतात. मग धुऊन, वाळवून, ॲसिटोन ओतायचे आणि सेल्युलोज ॲसिटेटची पातळ फिल्म अलगद टेकवायची; वाळल्यावर ती सोलून काढली की पेशींची ओळच्या ओळ तिच्यावर उतरलेली असते. पुन्हा घासायचे, पुन्हा सोलायचे. म्हणजे जे पाहायचे तेच घासून संपवत जायचे, असा हा विचित्र धंदा आहे.

या कामातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी एनिग्मोकार्पॉनचे एक चांगले फळ हाती आले होते. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1943 साली या फळाचे सविस्तर वर्णन केले. नावाचा अर्थच मुळी कोड्यात टाकणारे फळ असा आहे. 1944 मध्ये शुक्ल यांनी त्याच ठिकाणच्या साहनिअँथस या फुलाचे वर्णन करून त्याचे या फळाशी असलेले नाते मांडले. आमच्या शास्त्रात झाड सुटे सुटे सापडते आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव मिळते, त्यामुळे फूल आणि फळ जुळणे ही मोठीच गोष्ट. हे झाड मेंदी आणि तामण यांच्या कुळातले मानतात. बिया मधल्या अक्षाला कशा जोडलेल्या आहेत, ते मला एकाच फळात सलग पाहायचे होते. नववी फिल्म फाटली. ती नीट निघावी म्हणून मी पृष्ठभाग जरा जास्त घासला, मग आणखी जरा, आणि दहाव्या फिल्मवर अक्ष नव्हता. काचेवर करड्या रंगाचा चिखल होता. सहा-साडेसहा कोटी वर्षे टिकलेली वस्तू मी ओल्या फडक्याने पुसून टाकली.

वहीत त्या जागी "9 – घासले गेले" एवढेच लिहिले आहे. त्यानंतर मी हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घासण्याआधी रेखाटन करायला लावले आणि त्यापायी खडूस म्हणून नाव कमावले. तक्रार नाही.

पुढे त्याच गावच्या निपाच्या फळांवर बरीच वर्षे गेली. निपा हा खाडीच्या चिखलातला पाम, आज आपल्याकडे सुंदरबनात दिसतो. तो छिंदवाड्याच्या मुलखात कसा, या प्रश्नावरून त्या काळी समुद्राचा फाटा येथवर आला असावा, असा तर्क करतात. मला तो पटतो, पण एका पामाच्या जिवावर किनारा आखायला हात कचरतो.

पेटीच्या तळाशी आज एक न कापलेला तुकडा सापडला. भिंगाखाली धरला, तर एका कडेला वाटाण्याएवढे काळपट वर्तुळ आणि त्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. बराच वेळ पाहिले, पेन्सिलने दोन बाजूंनी रेखाटले, कागदात गुंडाळून वर तारीख घातली. कापायचा की नाही, ते विभागातल्या नव्या मुलीने ठरवावे. उरलेले बिनकामाचे दगड कुंड्यांत घालायला सूनबाईला सांगितले आहे.