शिताकेचं पाणी

जपानमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुकी शिताके अळंबी उकळत्या पाण्यात टाकली, लगेच मऊ झाली म्हणून खूश झाले आणि ते तपकिरी पाणी सरळ सिंकमध्ये ओतलं. शेजारच्या आजी दारातच उभ्या होत्या. "मोत्ताइनाई!" म्हणाल्या. म्हणजे, वाया घालवलंस गं.

खरी चव त्या पाण्यातच असते. आजींची पद्धत अशी: शिताके गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी तेच पाणी मंद आचेवर तापवायचं. साधारण ६० ते ७० अंशांदरम्यान अळंबीत ग्वानिलेट हा चव देणारा घटक तयार होतो. कोमट पाण्यात भिजवलं तर तो विघटन पावतो, म्हणून गार पाणी. कोम्बू या समुद्री शेवाळात ग्लुटामेट हा दुसरा चव देणारा घटक असतो. दोन्ही एकत्र आले की चव नुसती वाढत नाही, कित्येक पटींनी खुलते. आकिरा कुनिनाका या संशोधकाने १९५०च्या दशकात यावर काम केलं. आजींना त्यांचं नाव माहीत नाही, पण त्यांच्या पातेल्यात दोन्ही असतात.

मी राहते तो ओइता प्रांत सुक्या शिताकेच्या उत्पादनात देशात पहिला. इथे कुनुगी नावाच्या ओकच्या ओंडक्यांना भोकं पाडून अळंबीच्या बीजाच्या खुंट्या ठोकतात आणि मग साधारण दोन वर्षं वाट बघतात. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, पंधराएक वर्षांत झाड परत कामाला येतं.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: "कॅन्सरवर चालते का?" शिताकेतून काढलेल्या लेंटिनान या घटकाला जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने द्यायचं इंजेक्शन म्हणून मान्यता मिळाली. इंजेक्शन, सूप नव्हे! रस्सा पिऊन तो परिणाम मिळेल असं समजू नका, आणि कॅप्सूलच्या जाहिरातींवर तर मुळीच जाऊ नका. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर ते मात्र खरं: भिजवण्याआधी अळंबी उलटी, टोपीखालच्या पाकळ्या वर करून, तास-दोन तास उन्हात ठेवली की ते वाढतं. आणि कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नका. काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसं लाल, खाजरं पुरळ येतं.

देठ चिवट असतात. मी ते बारीक चिरून भातात घालते, आजी सरळ फेकून देतात. तिथे "मोत्ताइनाई" म्हणायची हिंमत मला अजून झालेली नाही.